एकाच पिवळ्या रंगाचे पाच खळगे

“दादा, खरं सांग. पाचही नळ्यांत रक्त कोणाचं आहे?”

“गाईंचं. माझं असेल होय?” फोनवर दादा हसला.

जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेतल्या त्याच्या बहिणीला हसू आलं नाही. तिच्यासमोरच्या चाचणीच्या प्लेटमध्ये, एकेका नळीतलं रक्त घातलेले दादाच्या गोठ्याचे पाचही खळगे पिवळेधमक झाले होते. पिवळा म्हणजे अंगात रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू. औषध नाही, जनावर मारायचं. पण पाच गाईंचा पिवळा असा हुबेहूब सारखा कधी येत नाही. कुणाचा गडद, कुणाचा फिका, माणसांच्या रागासारखा.

“एकीचंच काढलंस ना?”

पलीकडे दादानं गोठ्यातला घरघरता पंखा बंद केला.

“काडी गाईची धास्ती होती गं. वाळून कोळ झालीये. म्हणून सगळ्यांत ढब्बीचंच भरलं. तिच्याइतकं धडधाकट कोण आहे?”

तिनं कपाळाला हात लावला. हा रोग वर्षानुवर्षं अंगात मुकाट बसतो. गाय दिसायला कशी, गुटगुटीत! आणि ढब्बी तर तिनंच बाटलीनं वाढवलेली. दूध संपलं की तिची बोटं चोखत बसायची. “दादा, पाचही पिवळे आलेत. रोग ढब्बीलाच आहे.”

“मग बदल की नळ्या! घरचीच लॅब आहे.”

“आणि शेजारच्या गोठ्यांत पसरलं तर?”

“शेजारी सख्खे, मी सावत्र!”

“दादा, मी गप्प बसले तर पाचही जातील. साहेबांना सांगते आणि परत रक्त काढायला येते.”

त्यानं फोन आपटला.

नव्या रक्तात चार खळगे पाण्यासारखे नितळ राहिले, काडीचासुद्धा. पिवळा झाला तो एकच.

ट्रक आला त्या दिवशी ढब्बी फळीवर पाय ठेवेना. ड्रायव्हरनं ओढलं, दादानं ढकललं. शेवटी वहिनी म्हणाली, “वन्सं, तुमचं ऐकते ती. तुम्हीच निकाल दिलात, तुम्हीच चढवा.”

तिनं दोन बोटं पुढे केली. ढब्बीनं ती लहानपणासारखी तोंडात घेतली आणि तिच्यामागून, एकेक पाऊल टाकत, ट्रकमध्ये चढली.

खाली उतरल्यावर दादा म्हणाला, “हात धुऊन घे.” सकाळपासून तो तिच्याशी बोलला ते एवढंच.

नळ त्याच्या मागेच होता. तिनं ओली बोटं तशीच मुठीत मिटली.