हाताचा चिकटा

माणसाने खावं, पण शेळीसारखं चरू नये, एवढंच लोझानाचं म्हणणं होतं. पंधरा दिवस झाले, तिचा एकुलता एक मुलगा स्पासे सकाळी उठला की सुरी घेऊन परसात जायचा आणि कोबीचा गड्डा कापून आणायचा. ताटभर कच्चा कोबी, त्यावर दोन गाजरं, त्यावर कांद्याची पात. शेवटचा घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच सिगारेट पेटायची. दुपारी पुन्हा तेच. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, आजवर डुकराच्या मांसात शिजवल्याशिवाय कोबीला न शिवणारा!

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जून-जुलैचा सगळा उन्हाळा तो खोकत होता. ऑगस्टच्या अखेरीस खोकल्यात रक्त आलं, तेव्हा सून मेंकाने त्याला ओढतच बितोला शहरातल्या इस्पितळात नेलं. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसावर डाग निघाला. डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून तपासायची तारीख दिली. तंबाखूची पानं तोडायची आहेत म्हणून ती याने घालवली. दुसरी तारीख उद्यावर आली होती.

अंगणातल्या छपराखाली तिघं तंबाखूची पानं वाळवण्यासाठी दोऱ्यात ओवत बसली होती.

"सातची बस आहे," लांब सुई पानाच्या देठात खुपसत लोझाना म्हणाली.

"बघू."

"बघू काय? बस काय नवरी आहे, बघायला?"

"अगं आई, डॉक्टरीणच म्हणाली ना, भाज्या खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो म्हणून?"

"कमी होत असेल कदाचित, असं म्हणाली," मेंका फणकारली. "आणि पुढचं? ओढणाऱ्यानं कोबीच्या भरवशावर राहू नये, डाग पडल्यावर तर नाहीच नाही. गाजरातल्या सत्त्वाच्या गोळ्या मिळतात, त्या ओढणाऱ्यांना उलट बाधतात, हेही म्हणाली. ते नाही वाटतं ऐकू आलं?"

"गोळ्या कुठे घेतोय मी? गाजरं खातोय."

"एवढी खाऊन कान तरी लांब व्हायला हवे होते," लोझाना म्हणाली.

तो हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेना. लोझाना त्याच्या मानेकडे बघत राहिली. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, आत दोन बोटं सहज गेली असती. सुई तिच्या अंगठ्यात रुतली तेव्हा कुठे तिने नजर काढली.

दुपारी काम आटोपलं. तंबाखूच्या चिकट्याने तिघांचे हात डांबरासारखे काळे झाले होते. मेंकाने नेहमीप्रमाणे वेलावरचे हिरवे टोमॅटो आणले, चिरले, आणि तिघं तळहातांवर फोडी घासू लागली. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

स्पासेने हात धुऊन आईपुढे धरले. स्वच्छ, गुलाबी.

"बघ. साबणानं निघतो हा? यानंच निघतो ना? मग हाच चिकटा माझ्या आत बसलाय." उरलेली फोड त्याने तोंडात टाकली. आंबटपणाने डोळे मिटले. "बाबांना तूच भरवायचीस. बाहेरचा निघतो तर आतला का नाही निघणार, हे तुझंच बोलणं."

लोझानाच्या हातातली फोड तशीच राहिली.

तिचंच होतं बोलणं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, मित्रेला, हाच रोग झाला, तेव्हा ती रोज सकाळी हिरव्या टोमॅटोच्या फोडींची ताटली घेऊन त्याच्या उशाशी बसायची. तोंड वाकडं करून तो खायचा, कारण तिला नाही म्हणणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "डॉक्टर तुझ्या बापाची छाती उघडायला तयार होते. मीच म्हटलं, घाई कशाला, दोन महिने बघू. दोन महिन्यांनी ते म्हणाले, आता नाही जमायचं. गावाला मी सांगितलं, उशिरा कळलं. वेळेवर कळलं होतं, स्पासे."

मेंकाने उचललेली टोमॅटोची टोपली परत खाली ठेवली.

"कधी बोलली नाहीस," स्पासे म्हणाला.

"कुठल्या तोंडानं बोलू?"

स्पासेने खिशातून पाकीट काढलं, सिगारेट न काढताच ते हातात फिरवत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "आणि नळी घातल्यावर तेच निघालं तर, आई?"

एवढ्याचसाठी कोबी होता तर. त्याला कुशीत घ्यावं असं तिला वाटलं. पण घेतलं असतं तर तो तिथेच रडला असता, तीही रडली असती, आणि सातची बस निघून गेली असती. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला अक्कल नव्हती, म्हणून मी चुकले. तुला अक्कल आहे. तू नुसता भित्रा आहेस, आणि भित्र्यामागे मी एक टिपूस गाळणार नाही, सांगून ठेवते. ऊठ, दाढी कर. त्या डॉक्टरीणबाईसमोर असा जाणार आहेस उद्या?"