डाव्या गालावरची चकाकी

माणसाच्या कपाळावर तेज असावं असं आपण म्हणतो खरं, पण तेच तेज फोटोत उतरलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. चौक गावात जुन्या हायवेलगत अनुपमदादांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं हे तेज पुसायचं काम गेली पाच वर्षं हर्षला करत होती. लग्नात फ्लॅश पडून कुणाचं कपाळ चमकलं, कुणाच्या नाकाचा शेंडा पांढरा झाला, की तो फोटो तिच्या कंप्युटरवर यायचा. आधी चमक दाबायची. मग शेजारची चांगली कातडी उचलून त्या जागी बसवायची, आणि खडबडीत दिसेल ते एकसारखं करून घ्यायचं. पण छिद्रं तेवढी राहू द्यायची, नाहीतर माणूस मेणाचा दिसतो. हे तिचं तिनंच शिकलेलं. "हर्षलाचा हात फिरला की नवरी सासूलाही आवडते," असं अनुपमदादा म्हणायचे, आणि लगेच चहा मागवायचे.

आता तिचंच लग्न ठरलं होतं. सासर कर्जतचं, शिक्षकांचं घर. माहेर कुंभिवलीचं, आणि कुंभिवलीत हळदीच्या दिवशी दारात बॅनर नसला तर लोकांना वाटतं लग्न मोडलं. वर देव, मधे नवरी, खाली एका बाजूला बाप आणि एका बाजूला आई, असा दहा फुटी बॅनर हर्षलानं स्वतः करायला घेतला. दुसऱ्यांच्या लग्नात डोळ्यांत तेल घालून काम करणारी मुलगी आपल्या लग्नात कसर कशाला ठेवील?

बाप धोंडी, त्याचा प्रश्न नव्हता. कॅमेरा दिसला की तो मिशा सावरून उभा. प्रश्न आईचा होता. भागूबाईची चौकच्या नाक्यावर वडापावची गाडी. एकोणीस वर्षांपूर्वी, हर्षला पाच वर्षांची असताना, स्टोव्हवरची कढई घसरली आणि उकळतं तेल भागूबाईच्या डाव्या गालावर आणि मानेवर उडालं. जखम भरली, पण तिथली कातडी ताणलेली, गुळगुळीत आणि चकाकती राहिली. तेव्हापासून गाडीवर ती गिऱ्हाइकाकडे उजवा गाल करून उभी राहायला लागली. घरातल्या नंतरच्या एकूण एक फोटोत भागूबाई आपल्या डावीकडे बघते, कुणी हाक मारल्यासारखी.

"आये, आज सरळ बघ," हर्षला तिला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवून म्हणाली होती. "लगीन माझं हाय."

भागूबाईनं पदर सारखा केला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हर्षलाला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मग तिनं तो फोटो कंप्युटरवर घेतला, आणि हात चालू लागला.

कपाळ झालं, नाक झालं, गालावर आली. तिथं ती जवळजवळ तासभर होती. उजव्या गालाची कातडी उचलून डाव्यावर बसवली, मानेपर्यंत नेली, सावली जुळवली. काम असं उतरलं की अनुपमदादांनी खुर्चीमागून "वा!" म्हटलं. मग तिनं फाइल त्याच नावानं, मूळ फोटोवरच, सेव्ह केली आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. काम झालं की कच्चा माल उडवायचा, हा स्टुडिओचा नियम. डिस्कवर जागा कमी, आणि लग्नं तर थांबत नाहीत.

हळदीच्या दिवशी सकाळी आठला बॅनर चढला. बायका जमल्या. "अगो, भागू तर सिनेमातली दिसते!" गोदूआत्या म्हणाली. धोंडीची मोठी बहीण, तिला हळू बोलता येत नाही. आवाज ऐकून भागूबाई हात पुसत बाहेर आली. बॅनरकडे बघत राहिली. पुन्हा आत गेली आणि चुलीपुढे बसून खोबरं किसू लागली.

हर्षला मागोमाग गेली. "आये, आवडला नाय का?"

"बरा हाय."

"मग?"

"संध्याकाली हळदीला त्या बाईलाच बोलव," भागूबाई शांतपणे म्हणाली. "तीच लावील तुला हळद. मी आत बसते. भाकऱ्या बी व्हायच्यात."

"असं काय बोलतेस गं?"

"काय वाईट बोलले? पावणे येतील, बॅनर बगतील, मग माजं त्वांड बगतील. दोगींत एक खोटी ठरल. ती दहा फुटाची, तिला कोन खोटी म्हननार?" खोबऱ्याची वाटी तिनं फिरवली. "तू सरळ बघ म्हनालीस म्हनून बगितलं. सरळ बगितलं, तं तू पुसूनच टाकलंस."

सवयीनं झालं, रोजचंच काम, असं हर्षला सांगणार होती, पण थांबली. कारण ते पुरतं खरं नव्हतं. कपाळ सवयीनं झालं होतं, नाक सवयीनं झालं होतं. गालावर आल्यावर मात्र कर्जतचे पाहुणे तिच्या डोळ्यांपुढे आले होते. शिक्षकांच्या घरातल्या बायका बॅनरखाली उभ्या राहून कुजबुजतील, असं तिला वाटलं होतं. तिला आईची लाज वाटली होती, तासभर का होईना. हे तिला आत्ता, खोबऱ्याच्या वासात, पहिल्यांदा स्वच्छ कळलं आणि स्वतःचा राग आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा काढूया फोटो."

"ऱ्हाऊ दे आता."

"आये, तू हळद लावली नाय तर मी पाटावर बसणार नाय."

ही धमकी गोदूआत्यानं दारातून ऐकली आणि कपाळाला हात लावला. "दोगी मायलेकी सारक्याच गं बाय! भागू, ऊठ आता, नायतर ही तशीच कर्जतला जाईल, बिनहळदीची."

भागूबाई उठली, पण मनापासून नाही. हर्षलानं तिला पडवीत बसवलं, जिथं सकाळचं ऊन डावीकडून येत होतं. स्टुडिओत असा उजेड कुणी घेत नाही, त्यात सगळी चमक वर येते. तिचा हात सवयीनं पावडरच्या डबीकडे गेला. तिनं तो मागे घेतला. मोबाइलमधून फोटो काढला, बघितला, आणि हसावं की रडावं कळेना. मोबाइलनं आपलं आपणच आईचा गाल गुळगुळीत, गोरा करून ठेवला होता. सेटिंगमध्ये जाऊन तिनं तो शहाणपणा बंद केला.

"आता बघ माझ्याकडं."

भागूबाईनं बघितलं. नजरेत राग होता, पण नजर सरळ होती. हर्षलानं बटण दाबलं.

आख्खा बॅनर पुन्हा छापायला वेळ नव्हता. लग्नसराईचे दिवस, खालापूरच्या प्रेसमध्ये रांग लागलेली. पण चेहऱ्याएवढा तुकडा छापून वरून चिकटवता येतो. नाव चुकलं की लोक तसंच करतात. हर्षलानं फोटो प्रेसवाल्या साईराजला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"ताई, आईंच्या गालावर लाइट मारलाय बघ. जरा काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम हाय."

"साईराज, त्याला हात लावलास तर तुझ्या लग्नाचे फोटो मी करणार नाय."

"बरं बाबा," तो घाबरून म्हणाला.

दुपारी तुकडा आला. धोंडीनं शिडीवर चढून तो चिकटवला, जरासा तिरकाच. नव्या तुकड्याचा रंग वेगळा, कडा उठून दिसणाऱ्या. सांधा दिसू न देणं हाच जिचा धंदा, तिच्या लग्नाच्या बॅनरला भरदुपारी ठिगळ! येणारा प्रत्येक जण आधी तिथंच बघत होता. हर्षलानं दोनदा जाऊन बघितलं, आणि दोन्ही वेळा नीट करावंसं वाटूनही तसंच राहू दिलं. भागूबाईही एकदा बाहेर येऊन गेली. "त्वांड वाकडं लावलंय तुमी," एवढंच नवऱ्याला म्हणाली. मग आत जाऊन तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

पाच वाजता हर्षला पाटावर बसली. कर्जतहून चार बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. बॅनरखालून त्या आल्या, भागूबाईला बघितलं, नमस्कार केला, पाणी प्यायल्या. त्यांतल्या एकीची नजर गालावर जरा थांबली, आणि मग तिनं विचारलं की हळद कुठं ठेवायची. एवढंच झालं. याच्यासाठी आपण तासभर खपलो, हर्षलाच्या मनात आलं.

सवाष्णींनी एकेक करून हळद लावली. आईची पाळी आली. भागूबाईनं वाटीत बोटं बुडवली, लेकीच्या पायांना, हातांना, दोन्ही गालांना हळद लावली. रीतीप्रमाणे मग बायका एकमेकींना माखू लागल्या. गोदूआत्यानं भागूबाईच्या उजव्या गालाला हळद फासली, कर्जतच्या एका पाहुणीनंही उजव्याच. सगळ्यांचे हात आपोआप तिकडेच जात होते.

हर्षलानं आपल्या तळहाताला हळद घेतली आणि आईच्या डाव्या गालावर ठेवली. कातडी ऊन होती, मऊ होती. हळद तिथं धरत नव्हती, घसरत होती. कंप्युटरवर तासभर ज्या जागेवर तिनं काम केलं, त्या जागेला तिचा हात आज पहिल्यांदा लागत होता. तिनं चटकन बोटं सैल केली.

"दुखतं का गं आये?"

"एकोनीस वर्सांनी इचारतेस व्हय?" भागूबाई म्हणाली. तिनं लेकीचा हात धरून गालावर घट्ट दाबला. "नाय गं. कवाच दुखायचं थांबलंय. पर कोन हातच लावत नाय."