घाट धरून सतरा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. रंग उडाला असला तरी मान अजून ताठ आहे. आयुष्यभर मला एकच प्रश्न ऐकावा लागला. कुणी माझी तब्येत विचारली नाही. जो येई तो बॉनेटवर थाप मारून म्हणे, "आवरेज किती देती?"

कारखान्यातून निघाले तेव्हा मी एका लिटरात वीस किलोमीटर सहज धावत असे. माझे पहिले मालक बीडचे अंगदराव. ते चहाच्या टपरीवर हे कौतुकाने सांगत, तेव्हा मी फुगून जाई. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर, जुन्या गाड्या विकणाऱ्या बंकटच्या स्वाधीन केलं. तिथे चाकांतली हवा उतरली, फिल्टरमध्ये धूळ साचली. मला फार वाईट वाटे.

बंकट मोठा वस्ताद. गिऱ्हाईक आलं की तो मला घाटातून फक्त खाली पालीपर्यंत नेई, तेही न्यूट्रल करून. "काटा हलला का बघा! बावीस देती!" पालीचे धोंडीराम याला भुलले आणि मला घेऊन गेले. आठवडाभरात परत आणून ओरडले, "गाडी हाय का म्हैस बे? कावून येवढं पिती?" लबाडी बंकटची आणि बोलणी मला! शेवटी बंकटनेही हात टेकले. आता भंगारातच घालायची, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात नेकनूरच्या गौसियाबी आल्या. त्या सीताफळं विकतात. भाड्याचा टेम्पो रोज उशिरा येई आणि बीडच्या बाजारात पोचेपर्यंत फळं मऊ पडत. स्वतःची गाडी हवीच होती, पण तिने सगळी कमाई पिऊन टाकली असती तर धंदाच बसला असता.

"भाभी, घाट उतरून बघा," बंकट म्हणाला.

"उतारावर तर हातगाडी बी पळती, बंकटभाऊ. टाकी काठोकाठ भरा. क्रेट लादून बीडला जायचं, अन् वझ्यासकट घाट चढून यायचं. मग याच पंपावर परत टाकी भरू. किती पिली ते कळंल."

चढावर माझा जीव कासावीस झाला. तरी थांबायचं नाही असं ठरवून वर आले. टाकी भरली, हिशेब निघाला तेरा! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंकट भंगारवाल्याला फोन लावू लागला.

गौसियाबींनी मात्र वाकून माझं चाक दाबलं. "हवा कुठं हाय हिच्यात? उपाशी ठेवायचं अन् वर वझं द्यायचं व्हय? जाकीरमिस्त्रीला बोलवा. फिल्टर बी बदला. उद्या परत जाऊ."

दुसऱ्या दिवशी तोच घाट, तेच वझं. पण चाकांत हवा होती, छातीत श्वास होता. मी दात-ओठ खाऊन चढले. सतरा!

"येवढं लई झालं मला," म्हणत गौसियाबींनी किल्ली घेतली.

मित्रांनो, आमची हवा तपासत जा, फिल्टर साफ ठेवा. आणि आम्हाला पारखायचं असेल तर चढावर पारखा.

काल बीडच्या बाजारात एकाने माझ्या बॉनेटवर थाप मारून तोच प्रश्न विचारला. मला ते तेरा आठवले. क्रेट उतरवता उतरवता गौसियाबी म्हणाल्या, "सतरा. घाट धरून, वझं धरून."