सगुणाची पाठ आणि सरळबाबा

दर गुरुवारी पेणबाहेरच्या खाडीकाठच्या जुन्या मिठाच्या गोदामासमोर चपलांचा ढीग पडायचा. धाटावच्या कंपन्यांतून शिफ्ट सुटलेले कामगार स्कूटरवरून यायचे, रोह्याकडच्या बायका पहिल्या एस्टीने यायच्या आणि आत सरळबाबा माणसं सरळ करत बसायचे. वाकडी पाठ, उतरलेला खांदा, धरलेली कंबर, सगळ्यांना औषध एकच. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट.

उपचार असा: रोग्याने मधल्या सतरंजीवर पाय हातभर फाकवून, बाबा सांगतील तिकडे तोंड करून उभं राहायचं. बाबा त्याच्या खांद्यांवर काठी आडवी ठेवत. काठी चांगलीच कललेली दिसे.

"पृथ्वी सरळ, आकाश सरळ, मधला तूच कसा रे तिरका?" असं विचारून बाबा अंगारा लावत, तीन फुंकरा घालत आणि रोग्याला उलट तोंड करून उभं करत. पुन्हा काठी. आता ती सरळ. लोक हात जोडत. घरी पोचेपर्यंत रोगी पुन्हा वाकडा झालेला असे, पण तो वास्तुदोष. बाबांकडे उत्तरांचा तुटवडा नव्हता.

मी हे हसण्यावारी नेत होतो, पण माझ्या कारखान्यातली सगुणा तिथे जायला लागली आणि माझं हसू आटलं. कारखाना म्हणजे गणपतीचा. सगुणा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. तिच्या हातचे डोळे सुंदर, पण जरासे तिरपे यायचे. "तुझा गणपती मान वाकडी करून मोदक मागतोय," असं मी तिला पंधरा वर्षं चिडवत आलो. छत्तिसाव्या वर्षी खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला, तेव्हा रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिचा कणाच बाजूला वळलेला आहे आणि तो लहानपणापासून तसाच असणार. या वयात तो सरळ होणार नाही, पण रोज व्यायाम केला तर दुखणं आटोक्यात राहील आणि काम सुटणार नाही. त्या दिवशी मला माझ्या पंधरा वर्षांच्या विनोदांची लाज वाटली.

सगुणाने मात्र तोडगा काढला. मूर्तीसमोर पाण्याने काठोकाठ भरलेली परात ठेवायची, पाण्याच्या रेषेशी मूर्तीचा पाट जुळवायचा, मग ब्रश उचलायचा. डोळे सरळ यायला लागले. व्यायामही चालू होता.

पण तिचे सासरे कान्हूमामा पडले भक्त. त्यांनी तिला बाबांकडे नेलं. व्यायामाने दैवी शक्ती पळते, असं बाबांनी सांगितल्यावर व्यायाम बंद झाला. दहा गुरुवारांत सगुणाचं दुखणं इतकं वाढलं की तिला तासभर बसवेना. अकराव्या गुरुवारी बाबा तिच्या पाठीवर उभे राहून कण्याची गाठ फोडणार होते. बाबांचं वजन नव्वद किलो तरी असेल.

"सगुणा, नको गो बाई," मी म्हणालो.

"शेठ, काठी सरळ झालेली मीच बाबांनी समोर धरलेल्या आरशात बघितली," ती म्हणाली. "माज्यापरीस तुमाला जास्त ठाव हाय?"

अकराव्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेलो.

त्या दिवशी बाबांनी गोदामात डोळे न आखलेला गणपती आणून ठेवला होता आणि पाठीवर उभं राहण्याआधी त्याची आखणी सगुणाकडून करून घ्यायची होती. तिने सवयीने परात भरून मूर्तीसमोर ठेवली. पाणी खाडीकडच्या कडेवरून सांडलं, तर दुसऱ्या कडेला बोटभर परात कोरडी. सगुणा त्या पाण्याकडे बघतच राहिली.

"मामा," तिने सासऱ्यांना विचारलं, "ही जमीन कलती हाय?"

"व्हय तर. वल्या मिठाचा पानी निथळून खाडीकडं जाया पायजे. आमीच केली ती कलती, माज्या जवानपनी," मामा अभिमानाने म्हणाले. आणि बोलता बोलता थांबले.

सगुणा उठली. धाटावच्या कंपनीत ड्रम उचलणारा पोपट समोरच बसला होता, पाठ खांबासारखी ताठ. तिने त्याला सतरंजीवर पाय फाकवून उभं केलं आणि बाबांची काठी त्याच्या खांद्यांवर ठेवली. काठी खाडीकडे झुकली. मग त्याला उलटं फिरवलं. उजवा खांदा खाली होता तो वर गेला, डावा खाली आला.

"अरे, मी कदी वाकडा झालो?" पोपट घाबरून म्हणाला.

"तू नाय रं, जमीन वाकडी हाय," सगुणा म्हणाली. "ज्याचा खांदा पडलेला, त्याचा तोच पाय पयला उताराला. मंग फिरवला का तोच पाय वर, आनि खांदा बरोबर."

बाबांनी अश्रद्धेचा विटाळ झाल्याचं जाहीर केलं. त्यावर पोपटनेच त्यांना सतरंजीवर उभं राहायची विनंती केली. बाबांना अचानक रोह्याची एस्टी आठवली.

लोक हसत पांगले. कान्हूमामा मात्र भिंतीला टेकून बसून राहिले.

"माज्याच हातची जमीन, गो," ते म्हणाले. "आनि मी तुला त्या बाबाच्या पायाखाली निजवत होतो."

सगुणा त्यांच्याजवळ बसली. "मला पन सरळ व्हायचा होता, मामा. म्हनून मी बी इचारला नाय," ती म्हणाली आणि रडली. दहा आठवड्यांत मी तिला प्रथमच रडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. तिची पाठ आजही वाकडी आहे, तशीच राहील, आणि ती आखणी करते. सरळबाबा आता दुसऱ्या कुठल्या गावी असतील. तुमच्याकडे आले तर वाद घालू नका. ज्याला काहीही झालेलं नाही असा एक धडधाकट माणूस आधी त्यांच्यापुढे उभा करा, आणि तोही बरा होतो का ते बघा.