मशीनखालची मे महिन्याची स्लिप

मित्रांनो, मी एक जुनी पगाराची स्लिप आहे. आधीच सांगते, माझा स्वभाव जळका आहे.

राजापूरजवळच्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर तिथल्या कामगाराचे, नितेशचे नाव, त्याच्या हजेरीचे दिवस, भविष्य निधीचा खाते क्रमांक आणि मे महिन्याची कपात छापली होती. त्याच महिन्यात, सुटीच्या दिवशी, आंबे काढायची जाळीची काठी, म्हणजे घळ, घेऊन घरच्या आंब्याच्या कलमावर चढलेला नितेश खाली पडला. त्याचे कंबरेखालचे अंग कायमचे गेले. बायको तेजल राहिलेला पगार आणायला गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर घरी आले.

पुढे दिव्यांगाचा दाखला आला. फोटोवाला, गोल शिक्क्याचा! त्याला लॅमिनेशन, त्याला कपाटातली जागा. मला मात्र चार घड्या घालून तेजलच्या डुगडुगत्या शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवले. त्याचे कौतुक ऐकून माझा तिळपापड व्हायचा. त्याच्यासाठी कुणी कधी घाम गाळला होता का?

पेन्शनचा विषय निघाला की नितेश म्हणे, "त्यास धा वरसा नोकरी लागते. माजं आठ म्हयनं. नि पडलू तो घरच्या कलमावरनं, कारखान्यात नाय." साऱ्या वाडीचे हेच मत. त्यामुळे दोन वर्षे कुणी अर्जच केला नाही आणि नुसत्या शिलाईवर चूल पेटेना.

शेवटी भविष्य निधीचे शिबिर भरले, तिथे तेजल लाडक्या दाखल्याला घेऊन गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "अपंगत्व कायमचं आणि पूर्ण असेल तर दहा वर्षांची अट नसते. एका महिन्याची वर्गणीसुद्धा पुरते. घरी पडले तरी चालतं, फक्त तेव्हा नोकरीत हवेत. खाते क्रमांक आहे का?"

तो कुणालाच ठाऊक नव्हता. कारखानाही बंद पडलेला. लाडक्या दाखल्यावर तो नव्हताच! तेजलने घरी येऊन हे सांगितले तेव्हा, खरे सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तिने डबे, गाद्या, सगळे पालथे घातले. तीन दिवसांनी मशीन सरकवताना मी तिच्या हाती लागले. तेलाने माखलेली, घडीवर एक आकडा पुसट झालेली. तेजलने मला भविष्य निधीच्या कार्यालयात नेले, तिथे शिबिरातल्या त्याच बाईंनी मला उजेडात धरून तो वाचला. डॉक्टरांची तपासणी झाली आणि पेन्शन मंजूर झाले.

मंजुरीचे पत्र आले, त्या दिवशी नितेशने ते बाजूला ठेवले आणि मला मागून घेतले. माझ्यावरच्या हजेरीवर बोट ठेवून तो म्हणाला, "एकोनीस दिस. एवढं दिस मी पायानं चालत कामावर ग्येलू."

मित्रांनो, कामाचा कागद जपून ठेवा. त्यावर तुमच्या माणसाचे चालते दिवस लिहिलेले असतात.