लीकेज

त्या वर्षी पौषातल्या थंडीनं औरंगाबादकरांचे दात वाजवले, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्या बिचाऱ्या थंडीच्या नावावर माणसांनी जे खपवलं, ते ऐकाल तर थंडीची कीव येईल तुम्हाला.

सांडू एकोणीस वर्षं आप्पासाहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होता. आप्पासाहेब जुने ठेकेदार, आता घरीच. काम म्हणाल तर एकच उरलेलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला वच्छलाबाईंना, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळींना, डायलिसिसला न्यायचं आणि अकरा वाजता परत आणायचं. मधले दिवस जीप पोर्चमध्ये उभी. एवढ्याशा कामात माणूस चुकेल कुठं? पण महिन्याभरात तीनदा असं झालं की बाई शाल गुंडाळून गाडीत बसल्या, सांडूनं सेल्फ मारला, आणि जीप नुसती खट्ट करून गप्प. बाईंना कुडकुडत रिक्षात घालून न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी तर पोचायला इतका उशीर झाला की त्यांची मशीन दुसऱ्याला दिली गेली, आणि दुपारपर्यंत त्यांच्या पायावरची सूज बघवेना.

आप्पासाहेब पोर्चमध्येच बोलले, शेजारपाजारचे ऐकत असताना. "आतला दिवा चालू ठेवून जातोस सांडू. वय झालं तुझं. शुक्रवारी गाडी सुरू नाही झाली, तर मी दुसरा माणूस बघीन."

सांडू आतून पार करपला. दिवा तो कधी विसरला नव्हता. दार लावल्यावर काचेला डोळा लावून बघायची सवय होती त्याला.

बरं, त्यानं हलगर्जी केली म्हणाल तर तसंही नाही. तिन्ही वेळा तो जीप घेऊन शहागंजात बन्सीकडं गेला होता. बन्सी गाड्यांचं वायरिंगचं काम करायचा, आणि सांडूचा तो चाळीस वर्षांचा दोस्त. दोघं पोरवयात एकाच दुकानात, निजामुद्दीन उस्तादांच्या हाताखाली शिकले. सांडूला पुढं स्टेअरिंगची ओढ लागली, बन्सी वायरीतच राहिला. पहिल्या वेळी बन्सीनं बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. दुसऱ्या वेळी डायनामोचा पट्टा ताणला. आता आल्टरनेटर म्हणतात त्याला, पण शहागंजात अजून सगळे डायनामोच म्हणतात. तिसऱ्या वेळी म्हणाला, "थंडी लई आहे रं. थंडीत बॅटरी मरती. नवी टाक." साहेबांना सांगून नवी टाकली. दोन दिवसांत तीही मंद पडू लागली.

गुरुवारी दुपारी आप्पासाहेब वरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. सांडूनं ठरवलं, आता आपणच बघायचं. उस्तादांनी शिकवलेलं इतकंही गंजलं नव्हतं. त्यानं इंजिन चालू करून मीटर लावला. काटा चौदा व्होल्टच्या वर. म्हणजे डायनामो ठणठणीत, चार्जिंग होतंय. इंजिन बंद केलं, नव्या बॅटरीच्या एकेका खणातलं पाणी तपासलं. बॅटरीही चांगली. मग एकच उरतं. गाडी उभी असताना कोणीतरी आतल्या आत करंट पितंय. कारागीर त्याला लीकेज म्हणतात. उन्हाळ्यात ते लपून जातं, कारण बॅटरीत जोर असतो. थंडीत जोर कमी आणि इंजिन जड, की मग उघडं पडतं.

लीकेज बघायची उस्तादांची रीत सोपी होती. बॅटरीची एक तार काढायची आणि मधे छोटा बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असताना बल्ब पेटला, तर समजायचं घरात चोर आहे. सांडूनं तार सोडवली, आणि मिनिटभरात त्याचा फोन वाजला. आप्पासाहेब होते.

"सांडू, गाडी कुठंय?"

"कुठं म्हणजे? तुमच्या खिडकीखाली उभीय की साहेब."

वरचा पडदा हलला. "बरं बरं. असू दे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

सांडू फोनकडं बघत राहिला. दार उघडलं नव्हतं, इंजिन चालू नव्हतं, मग वर बसलेल्या माणसाला आत्ताच गाडीची आठवण कशी झाली? डोक्यात काही बसेना. त्यानं बल्ब जोडला. बल्ब मंद पेटला.

मग तो एकेक फ्यूज उपसत गेला. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या रस्त्यावर चोर. सगळे फ्यूज काढून झाले तरी बल्ब आपला पेटलेलाच. म्हणजे कोणीतरी फ्यूजच्या आधीच तार जोडून घेतली होती. सांडू गुडघे मोडून स्टेअरिंगखाली घुसला आणि बोटांनी चाचपत वर गेला. मूळ वायरला चिकटून एक काळी डबी हाताला लागली, काडेपेटीएवढी. गरम होती. त्यानं असल्या डब्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या गाड्यांत पाहिल्या होत्या. गाडी कुठं जाते, कुठं थांबते, ते मालकाच्या फोनवर दाखवतात. तार काढली की मालकाला लगेच कळतं. आतला सेल बिघडला की ती रात्रंदिवस बॅटरी पीत बसते.

साहेबांच्या फोनचा अर्थ आता लागला. एकोणीस वर्षं या घराच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या.

आणि तरी खरा घाव पुढंच होता. त्यानं डबीची तार मूळ वायरला जोडली होती ती जागा बघितली. टेपवर मेण लावलेला दोरा गुंडाळला होता, आणि शेवटी दोन वेढ्यांची आडवी गाठ. इथल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, म्हणून उस्ताद तशी बांधायचे. उस्ताद गेले. आता ती गाठ बांधणारी माणसं जगात दोनच उरली होती. एक सांडू, आणि त्यानं तर ती बांधली नव्हती.

त्यानं डबी कापून खिशात टाकली, फ्यूज आणि बॅटरीची तार परत बसवली आणि जीप काढून थेट शहागंज गाठलं. बन्सी स्टुलावर बसून डायनामोचे ब्रश घासत होता. सांडूनं डबी त्याच्या पुढ्यात ठेवली, दोऱ्यासकट.

बन्सीनं हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "बस."

"बसायला नाय आलो."

"दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला जीप आली होती ना, तवा साहेबांनी लावायला सांगितली. डायलिसिसच्या टायमाला तू गाडी घेऊन गारखेड्याला लेकीकडं जातोस, ते कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं."

"बाईसाहेबच पाठवतात मला. चार तास हितं बसून काय करतो, जा म्हणतात, आशाकडं चहा घेऊन ये."

"मला म्हायतीय. पण साहेब म्हणाले, डबी लागंल नाय तर नवा ड्रायव्हर येईल. मी म्हणलं, डबीच लागू दे. तुझी नोकरी तरी राहील."

"आन मी तीनदा आलो तवा?"

"कसं सांगू? साहेबांनी आण घातली होती." बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. "डबी बिघडंल हे मला काय ठाव?"

"मला विचारायचं होतंस बन्सी."

"विचारलं असतं तर तू नोकरी सोडली असती."

"सोडली असती. माझीच होती ना सोडायला."

बन्सीनं त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेना. चाळीस वर्षांचे हात, झटकायचे कसे? समोरच्या हॉटेलातून चहा आला. सांडूनं तो प्यायला. मन साफ झालं नव्हतं, पण माणूस भित्रा असू शकतो, वाईट नाही, एवढं त्यानं स्वतःला समजावलं आणि घरी आला.

शुक्रवारी सहा वाजता पोर्चमध्ये आप्पासाहेब आधीच उभे होते, मफलर बांधून. डबी निघाल्याचं त्यांना कालच कळलं होतं.

"सांडू, ते चोरीच्या भीतीनं लावलं होतं रे. तुझ्यासाठी नाही."

"साहेब, गाडी चोरीला गेली वाटलं तर माणूस चौकीत फोन लावतो. तुम्ही मला लावला."

आप्पासाहेबांनी मफलर सारखा केला. सांडू म्हणाला, "बाईसाहेबांना आज नेऊन आणतो. मंगळवारपासून मला जमायचं नाय."

त्याला वाटलं होतं, निदान एकदा तरी थांब म्हणतील.

"तुझी मर्जी," आप्पासाहेब म्हणाले. "अडचण काही नाही. बन्सीनं माणूस कधीचा सांगून ठेवलाय. त्याचा जावई आहे ना, रामकिसन, तो रिकामाच आहे. दसऱ्यापासून बन्सी मागं लागलाय माझ्या. गारखेड्याचंही बन्सीनंच सांगितलं मला. म्हणाला, साहेब, डबी लावून खात्री करून घ्या."

धुतलेलं टर्मिनल, ताणलेला पट्टा, नवी बॅटरी. बन्सीला लीकेज कुठं आहे ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो गाडी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बंद पडायची वाट बघत होता. तिकडं वच्छलाबाई थंडीत रिक्षात कुडकुडत होत्या. काल आपण त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याला भुललो आणि वर त्याचा चहा प्यालो, याची सांडूला जास्त लाज वाटली. रडायला यायला हवं होतं, पण रागानं डोळे कोरडेच राहिले.

वच्छलाबाई खाली आल्या, मागच्या सीटवर बसल्या. जीप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. त्यांनी समाधानानं शाल ओढून घेतली. सांडूनं त्यांना हात देऊन दवाखान्यात पोचवलं, मशीन लागेपर्यंत थांबला आणि बाहेर येऊन जीपजवळ उभा राहिला. तेवढ्यात बन्सीचा फोन आला.

"झाली का रं सुरू?" आवाज अगदी काळजीचा.

"झाली," सांडू म्हणाला. "मंगळवारी सहाला रामकिसनला पाठव. बाईसाहेबांना जिना उतरताना हात द्यावा लागतो, तेवढं त्याला सांग."

एवढं बोलून त्यानं फोन बंद केला.