एकाच लॉटची लोकर

साडेतीन नंबरच्या विणायच्या सुयांची जोडी. एक सुई टोकापाशी किंचित वाकलेली. किमतीची चिठ्ठी: ऐंशी. चिठ्ठीवरचं अक्षर माझं.

होलसेलवाल्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये "उचलू नये" या नावाने आहे.

वहिनीच्या गुडघ्यांचा एक्स-रे. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने दाखवला. उजेडाकडे धरून, दोन्ही बाजूंनी.

दुकानाला एक दार, खिडकी नाही. आत दोन ट्यूबलाइट. त्यांच्या उजेडात गडद निळा काळा दिसतो आणि धडधाकट माणसं आजारी दिसतात.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "हिरवा आणि निळसर हिरवा, यांत असा फरक तो किती?" मावशी म्हणाल्या, "एक ऊन."

चोवीस शाली.

*

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. माझ्या दुकानात, काउंटरच्या डाव्या हाताला, त्यांची खुर्ची आहे. त्या ऑर्डरी घेऊन विणतात. घरी एकच खोली, तिथे दिव्याचा उजेड कमी आणि शेजाऱ्यांचा आवाज जास्त, म्हणून रोज दहाला येऊन इथे बसतात. मला उलट्या टाक्याची पहिली ओळ त्यांनी शिकवली. अजूनही माझं विणकाम हातात घेऊन म्हणतात, "बरं आहे हो. मासे धरायला होईल."

दुकान विणकामाच्या, भरतकामाच्या सामानाचं: लोकर, सुया, क्रोशाचे हूक, मणी, लेस, भरतकामाच्या रिंगा. अकरा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी शेजारचा गाळा घेऊन दुकान मोठं करायचं माझ्या डोक्यात आलं. बँकेतून कर्ज काढलं. माझा थोरला भाऊ जामीन राहिला. "नुसती सही आहे रे दादा," मी म्हणाले होते. मग लोक घरबसल्या फोनवरून लोकर मागवायला लागले. शेजारचा गाळा मी दोन वर्षांत सोडला. कर्ज राहिलं.

*

न खपणाऱ्या मालाची यादी (तोंडपाठ आहे):
लाकडी बटणं, हत्तीच्या आकाराची, चौदा पाकिटं.
चंदेरी लेस. काळी पडलेली.
बाळाच्या टोपीचे नमुने असलेली पुस्तकं. ती मुलं आता सहावीत असतील.
मी.

*

बँकेचं पत्र मला आलं नाही, दादाच्या ऑफिसात गेलं. तीन हप्ते थकले होते, तेच शेवटचे. तिसऱ्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत व्याजासकट सव्वीस हजार चारशे भरले नाहीत तर जामीनदाराकडून वसूल करणार. दादा त्याच तीस तारखेला रिटायर होणार होता. त्याला मिळणाऱ्या पैशांतून वहिनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

दादा दुकानात आला. बसला नाही.

"शिपायाने पत्र सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं," तो म्हणाला. "तेहेतीस वर्षांत माझ्या टेबलावर असं पाकीट आलं नव्हतं."

"भरते मी."

"कशातून? ही हत्तीची बटणं विकून?"

वहिनी दारातच उभी होती. पायरी चढवत नव्हती तिला. "वन्सं, मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "फक्त तारीख तेवढी लक्षात ठेवा." आणि पिशवीतून एक्स-रे काढला.

*

ऑर्डर त्याच आठवड्यात आली. एका गायनमंडळाच्या बाई, पांढरा बॉबकट, आवाज असा की डब्यातले मणी थरथरावेत. चोवीस गायिकांसाठी चोवीस शाली, हाताने विणलेल्या, गडद हिरव्या, सगळ्या एकसारख्या. "एकाच लॉटची लोकर हवी," त्यांनी कागदावर लिहून घेतलं. "मागे एकदा फसलो आम्ही."

लॉट म्हणजे काय, तर लोकर एका कढईत रंगते. दुसऱ्या दिवशी तीच माणसं तोच रंग तेवढाच घालून दुसरी कढई काढतात, पण रंग तंतोतंत तोच उतरत नाही. म्हणून प्रत्येक गुंड्याच्या चिठ्ठीवर लॉटचा नंबर छापतात. विणणारा माणूस किंमत नंतर बघतो, आधी हा नंबर बघतो.

भाव मी उलटा काढला. बँकेचे सव्वीस हजार चारशे, त्याच्या दुप्पट, भागिले चोवीस. एका शालीला बावीसशे. अर्धे आगाऊ, अर्धे माल हातात पडल्यावर. आगाऊ पैसे दुकानाचं थकलेलं भाडं आणि वीज खाणार होती, राहिलेले बँक. मावशींची मजुरी शालीमागे सहाशे, ती मागाहून. मावशींना तसं सांगितलं. "दे गं सावकाश," त्या म्हणाल्या. "मी कुठे पळतेय? गुडघे आहेत का पळायला?"

एका शालीला पाच गुंडे. एकशे वीस. गडद हिरवी, लॉट ३१८. मी माळ्यावरून पोती काढून मोजली.

चौऱ्याऐंशी.

पुन्हा मोजली. गुंडे मोजल्याने वाढत नाहीत.

होलसेलवाल्यांना विचारायला हवं होतं. त्यांचे माझ्याकडे नऊ हजार बाकी होते. फोन केला असता तर पहिला प्रश्न त्यांचा आला असता.

माळ्याच्या कोपऱ्यात त्याच रंगाचं आणखी एक पोतं होतं. लॉट ३२२. ट्यूबलाइटखाली दोन गुंडे शेजारी धरले. जुळे भाऊ. मग मी एकशे वीस गुंड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि सगळे गुंडे एकत्र मोठ्या टोपलीत ओतले.

*

मावशींना एवढंच म्हणाले असते की दोन लॉट आहेत, तर त्यांनी दोन ओळी या गुंड्याच्या, दोन ओळी त्या गुंड्याच्या अशा आळीपाळीने विणल्या असत्या. रंग एकमेकांत मुरला असता. चोवीसच्या चोवीस शाली एकसारख्या झाल्या असत्या. विणणाऱ्या बायकांची ही जुनी युक्ती आहे. मलाही माहीत होती. मावशींनीच शिकवली होती.

पण मावशींनी आधी विचारलं असतं, "त्या बाईंना सांगितलंस?"

*

दहावी शाल. सकाळ. मावशींनी नवा गुंडा जोडला, चार ओळी विणल्या आणि थांबल्या.

"हा जरा निराळा वाटतोय का गं?"

"कुठला?"

"हा. बोटाला कळत नाही, पण डोळ्याला टोचतोय." त्या खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. रंगाची शंका आली की त्यांची ही सवय: दारात जायचं, उन्हात धरायचं, मग बोलायचं.

"बसा हो मावशी," मी म्हणाले. "तुम्ही दारापर्यंत जाऊन येईपर्यंत ऊन उतरेल. मी बघते."

दोन गुंडे घेऊन मी दारात गेले. पायरीवर ऊन होतं. उजव्या हातातला हिरवा होता. डाव्या हातातला त्याच्या शेजारी निळ्याकडे झुकत होता. लांबून ओळखू यावा इतका.

मी तिथे किती वेळ उभी होते, माहीत नाही. समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याने हाक मारली, "काय ताई, लोकरीला ऊन दाखवताय?" म्हणजे बराच वेळ असणार. त्या दिवशी सतरा तारीख होती, बँकेच्या मुदतीला दीड महिना.

आत आले.

"एकच आहे," मी म्हणाले.

"खरंच?"

"अगदी. मावशी, डोळे दाखवा एकदा डॉक्टरला."

मी हसून म्हणाले ते. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि विणायला लागल्या. त्यानंतर चौदा शाली होईपर्यंत त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. फक्त मधूनच स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बघायच्या.

*

मुदतीच्या दोन दिवस आधी, अठ्ठावीस तारखेला, गायनमंडळाच्या बाई आल्या, ट्यूबलाइटखाली एकेक शाल उलगडून पाहिली, "वा" म्हणाल्या, पैसे दिले. मी दुकान मावशींवर सोडून तशीच बँकेत गेले. कर्ज फिटल्याचं पत्र मिळालं. शिक्का थोडा तिरका उमटला होता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "जेवलीस का?"

मी हो म्हणाले.

*

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. बागेत, उघड्यावर.

सोमवारी बाई पुन्हा आल्या. शाली दोन गाठोड्यांत. एक शाल काढून त्यांनी दारातच झटकली आणि उन्हात धरली. हिरवी, मग मध्येच हातभर निळसर पट्टा, मग पुन्हा हिरवी.

"फोटोत आम्ही चोवीस जणी नाही, चोवीस टरबुजं दिसतोय," बाई म्हणाल्या. "मी लिहून घेतलं होतं. एक लॉट. सांगा, हे कोणी केलं?"

मी म्हणाले, मी.

(असं मी म्हणाले नाही.)

मी म्हणाले, बाई, लोकर कमी पडली, चूक माझी, मावशींना काही माहीत नव्हतं.

(असंही नाही.)

मी काउंटरवरची मापाची टेप गुंडाळली. पूर्ण गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. खरं हे.

मावशी खुर्चीतून उठल्या. या वेळी मी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या हळूहळू दारापर्यंत गेल्या, शाल हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"माझ्या हातून झालंय," त्या बाईंना म्हणाल्या. "विणताना समोर दोन रंग होते आणि मला एक दिसत होता. ही पोरगी म्हणाली होती डोळे दाखवा. मी ऐकलं नाही."

"अहो, पण तुम्ही कशाला..." बाईंचा आवाज एकदम खाली आला.

"माझी मजुरी अजून हिच्याकडेच आहे. चौदा हजार चारशे. तेवढे तुम्ही परत घ्या. हिला काही बोलू नका, हिच्या डोक्यावर आधीच खूप आहे." मग माझ्याकडे वळून, "देशील ना गं?"

एवढं लहान दुकान, पण मी कुठे उभी राहू ते मला सापडेना.

"देते," मी म्हणाले.

माझ्याकडे तेव्हा चौदाशेही नव्हते. बाईंना दर महिन्याला दोन हजार द्यायचं ठरलं. त्यांनी त्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं, ज्याच्या पुढे "एक लॉट" लिहिलं होतं. मी सही केली. जामीन कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मावशी दारात उभ्या होत्या, बहुतेक तेवढं पुरलं.

*

वहिनीचं ऑपरेशन झालं. आता ती पायरी चढते. परवा आली होती, लेस घेऊन गेली, पैसे देऊन. "वन्सं, बघा," म्हणाली, "तुम्ही मनावर घेतलंत की होतं."

मावशी त्या सोमवारनंतर दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, बसल्या नाहीत. पिशवीतून सुया काढून काउंटरवर ठेवल्या. साडेतीन नंबरच्या, एक टोकाला वाकलेली.

"शिकणाऱ्या कोणाला तरी दे. फुकट देऊ नकोस, फुकटचं कोणी शिकत नाही."

"मावशी, डॉक्टरकडे जाऊन या आधी."

"गेले होते. तो म्हणतो, वयाच्या मानाने उत्तम आहेत." त्या हसल्या. "पोरगाच आहे गं तो. त्याला काय कळतंय?"

जाताना त्या दारात थांबल्या. सवयीने हात उन्हात धरला, पाहिला, आणि पायरी उतरल्या.

त्या सुया मी विकल्या. आठवडाभरात गेल्या. खुर्ची तिथेच आहे. गिऱ्हाइकं तिच्यावर पिशव्या ठेवतात.

*

मी माळ्यावरची पोती मोजली त्या महिन्यात होलसेलवाल्यांच्या गोदामात गडद हिरव्या लोकरीचे, लॉट ३१८ चे, चाळीस गुंडे पडून होते.